पिट्सबर्गचे लोक सगळीकडे का असतात

प्रिय मनू,

परवा तू फोनवर विचारलंस की बाबा, इथे फिनिक्समध्ये एक अख्खा बार पिवळे टॉवेल फिरवत स्टीलर्सची, म्हणजे पिट्सबर्गच्या फुटबॉल टीमची, मॅच बघत होता, एवढे पिट्सबर्गवाले वाळवंटात काय करतायत, आणि मी नुसतं "असतात गं" म्हटलं कारण गॅसवर भाजी होती. आता नीट लिहितो.

तो टॉवेल 1975 चा, मायरन कोप नावाच्या रेडिओ कॉमेंटेटरची आयडिया. त्या काळात स्टीलर्सनी सहा वर्षांत चार सुपर बोल, म्हणजे लीगच्या फायनल, जिंकले आणि गावाला वाटलं आता आपलंच राज्य, आणि लगेच त्यामागोमाग गिरण्याच बंद पडायला लागल्या, म्हणजे स्टीलच्या. मोनोंगहेला नदीच्या काठाने एकेक करून भट्ट्या विझल्या आणि तरुण पोरं सामान गाडीत भरून टेक्सास, ॲरिझोना, फ्लोरिडा जिथे काम मिळेल तिथे गेली. 1950 ला शहरात पावणेसात लाख माणसं होती, 2020 च्या जनगणनेत तीन लाख. गेलेल्यांनी काम सोडलं, घर सोडलं, टीम मात्र नाही सोडली. तू बघितलेस ते हे लोक किंवा त्यांची मुलं.

तू वॉटरफ्रंट मॉलला सिनेमाला जायचीस ना, तिथली ती 12 धुरांडी तुला डेकोरेशन वाटायची. ती होमस्टेडच्या स्टीलच्या गिरणीची, ती गिरणी 1986 ला बंद झाली. तिथेच 1892 च्या जुलैमध्ये संप चिरडायला गिरणीचा कारभार बघणाऱ्या फ्रिकने पिंकर्टन या खाजगी सुरक्षा कंपनीची 300 माणसं रात्री बोटींतून आणली, कामगार काठावर वाट बघतच होते, गोळीबार झाला, दोन्हीकडची माणसं मेली, आणि शेवटी संप मोडलाच. गिरणीचा मालक कार्नेगी तेव्हा स्कॉटलंडमध्ये. नंतर त्याने गावोगाव लायब्ऱ्या बांधल्या, चांगलंच केलं, पण बारा तास भट्टीपुढे उभा राहिलेला माणूस पुस्तक कधी वाचणार हा प्रश्न मला तरी पडतो.

हल्ली सगळे म्हणतात पिट्सबर्ग सावरलं, हॉस्पिटलं आली, रोबो आले. खोटं नाही. यूएस स्टीलच्या टॉवरवर आता यूपीएमसी या हॉस्पिटलांच्या साखळीचं नाव झळकतं, शहरात सगळ्यात जास्त नोकऱ्या देणारा आता हॉस्पिटलवाला. पण जे गेले ते काही परत आले नाहीत, सावरलं ते बऱ्यापैकी दुसऱ्यांसाठी, त्यात आपणही आलो. आपले लोक वेस्टिंगहाऊसमध्ये, युनिव्हर्सिटीत, हॉस्पिटलांत नोकरीला आले, पेन हिल्सचं व्यंकटेश्वराचं देऊळ 1976 चं, म्हणजे तिकडे भट्ट्या गार पडत होत्या तेव्हा इकडे आपल्या आरत्या नुकत्या सुरू झालेल्या. आपल्या गणपतीला जमणाऱ्यांत कुणाचा बाप स्टीलमध्ये होता असं मी तरी ऐकलेलं नाही.

आणि नदीकाठचं ब्रॅडॉक गाव बघ. कार्नेगीची 1875 ची गिरणी तिथे अजून चालू आहे, त्याची अमेरिकेतली पहिली लायब्ररीही तिथलीच. पण गावातलं हॉस्पिटल यूपीएमसीने 2010 ला बंद केलं. ज्या धंद्याने शहर तारलं म्हणतात तोच या गावातून उठून गेला, त्यामुळे "कमबॅक सिटी" वगैरे कुणी म्हटलं की मी गप्प बसतो.

तर पुढच्या वेळी त्या बारमध्ये गेलीस की शेजारच्याला विचार, घरचे मूळ कुठले. बहुतेक नदीकाठच्या एखाद्या गावाचं नाव सांगेल, मला कळव कुठलं ते.

बाबा