शिथिलीकरण शिकवणाऱ्या ताईंना अनावृत पत्र

आदरणीय ताई,

सादर नमस्कार.

‘टेट्रालॉजी ऑफ फॅलो’ हा हृदयदोष घेऊन जन्मलेल्या आणि लहानपणीच शस्त्रक्रिया झालेल्या आम्हा मुलांना ‘आता तू बरा झालास’ असे सगळे सांगतात. ते बऱ्याच अंशी खरेही असते. परंतु हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधले छिद्र बुजवून फुप्फुसाकडे जाणारी वाट रुंद केली, तरी त्या वाटेवरच्या झडपेतून पुढे रक्त मागे गळू शकते, ठोक्यांची लय बिघडू शकते, आणि म्हणून ईसीजी, इको (हृदयाची सोनोग्राफी), होल्टर (दिवसभर ठोक्यांची नोंद घेणारे छोटे यंत्र), अधूनमधून एमआरआय हे चक्र जन्मभर चालू राहते. तपासणीच्या आदल्या रात्री मला झोप का लागत नाही, हे मात्र सर्वांत आधी आपण विचारलेत.

शिथिलीकरणाने, म्हणजे शरीर आणि मन सैल सोडण्याच्या सरावाने, झडप दुरुस्त होणार नाही, औषधे आणि तपासण्या चुकवायच्या नाहीत, हे आपण पहिल्याच भेटीत स्पष्ट केलेत, आणि माझा विश्वास तिथेच बसला. (‘टेन्शन घेऊ नकोस’ एवढाच उपाय सुचवणारे नातेवाईक प्रत्येक घरात असतात, टेन्शन कसे सोडायचे, हे त्यांच्यापैकी कोणी सांगत नाही.)

स्नायूंचा एकेक गट आवळून मग सैल सोडण्याची जी पद्धत एडमंड जेकबसन या अमेरिकी डॉक्टरांनी 1920 च्या दशकात मांडली, ती आपण जशीच्या तशी शिकवली नाहीत. माझ्या हृदयतज्ज्ञांशी बोलून आपण आवळण्याचा जोर कमी केलात, छातीचा भाग वगळलात आणि श्वास कोंडून जोर लावायचा नाही, हे पुनःपुन्हा बजावलेत. कारण तसे केल्यास छातीतला दाब वाढतो, हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते आणि रक्तदाब वरखाली होतो. संथ श्वसनही आपण असेच समजावून शिकवलेत. उच्छ्वास लांबवला की ठोके किंचित मंदावतात, हे आपण मला माझ्याच मनगटावरच्या नाडीवर दाखवलेत.

सर्वांत मोलाचे वाटले ते धडधडीबद्दलचे बोलणे. भीतीने होणारी धडधड बहुधा हळूहळू चढते आणि हळूहळू उतरते; पण ती एकदम सुरू झाली, ठोके अनियमित लागले, चक्कर आली किंवा छातीत दुखले, तर व्यायाम करत घरी बसायचे नाही, तडक रुग्णालय गाठायचे, असा आपला नियम होता. मनाच्या उपचाराने शरीराच्या इशाऱ्यावर पांघरूण घालू नये, ही आपली काळजी मी अशा इतर मुलांच्या पालकांनाही आवर्जून सांगतो.

गेल्या एमआरआयच्या वेळी या सर्वांचा कस लागला. त्या अरुंद बोगद्यात, यंत्राच्या ठकठकाटात, श्वास सोडून काही सेकंद थांबायला सांगतात; हे थांबणे जोर न लावता असते, हा फरक आपण आधीच समजावला होता, त्यामुळे सूचना आली तेव्हा मी गोंधळलो नाही. दोन सूचनांच्या मध्ये पोटऱ्यांपासून खांद्यांपर्यंत एकेक भाग सैल सोडत गेलो. घाबरलो नाही असे म्हणणार नाही, पण तपासणी अर्धवट सोडावी लागली नाही.

बाहेर बाकावर बसलेली आईदेखील तोच सराव करत होती, हे तिने नंतर सांगितले. तिचेही आभार आपल्यापर्यंत पोचवावेत, असा तिचा निरोप आहे.

आपला कृतज्ञ,
एक विद्यार्थी