चुनखडकावरची लाल माती आली कुठून?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या शेती पुरवणीतील लेखात, ‘चुनखडक झिजून उरणारा गाळ म्हणजेच त्यावरची लाल माती, म्हणून तिच्यात चुना भरपूर असणारच, तेथे संत्रा लावू नये’, असे म्हटले आहे. यातील पहिले विधान अपुरे आहे आणि दुसरे त्यातून निघतच नाही.

कार्बन डायऑक्साइड घेऊन आम्लधर्मी झालेले पाणी चुना विरघळवून नेते आणि चिकणमाती व लोह मागे राहते, हे खरे. परंतु हा न विरघळणारा भाग वजनाने ३ टक्के धरला, तर १ मीटर जाडीच्या दगडातून जेमतेम ६ सेंटिमीटर माती मिळते. म्हणजे हातभर मातीसाठी पंचवीसेक फूट खडक विरघळून जायला हवा. म्हणूनच अभ्यासक बाहेरून आलेल्या द्रव्याकडेही पाहतात. बार्बाडोस बेटावर प्रवाळाच्या चुनखडकावरील मातीत अटलांटिक ओलांडून आलेली सहाराची धूळ आणि शेजारच्या सेंट व्हिन्सेंट बेटावरील ज्वालामुखीची राख आढळली आहे. भूमध्य सागराच्या काठी जिला ‘टेरा रोसा’ म्हणतात, त्या मातीबद्दल मेरिनो व बॅनर्जी या भूशास्त्रज्ञांनी २००८ साली आणखी वेगळा विचार मांडला: धुळीतून पाझरलेल्या द्रव्यांपासून चिकणमाती दगडाच्या जागीच घडते, त्या क्रियेत आम्ल सुटते आणि तेच आम्ल पुढचा चुना विरघळवते. लाल रंग मात्र चुन्याचा नव्हे, हेमटाइट या लोहखनिजाचा.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या विहिरीचे खोदकाम चालू असताना मी कडेला बसून हे पाहिले. लाल चिकण माती दगडाच्या कपारींत बोटांसारखी खाली उतरली होती. सौम्य आम्लाचा थेंब दगडावर टाकताच फसफसला. दगडाला अगदी लागून असलेल्या मातीवर टाकला, तर काहीच झाले नाही. उलट पलीकडच्या कन्हारीत, म्हणजे भारी काळ्या मातीत, जिथे चुनखडीचे खडे हाताला लागतात, तिथे चांगलाच फेस आला. चुना होता तो काळीत!

आमच्या भागात आणखी एक शक्यता डावलता येणार नाही. येथील चुनखडक ‘पैनगंगा समूह’ नावाच्या खडकथरांचा, फार प्राचीन. त्याच्या शेजारी आणि कुठे कुठे त्याच्यावरही सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लोहयुक्त काळा पाषाण (बेसाल्ट) आहे. सहारापर्यंत जाण्याआधी, या पाषाणाची झीज पावसाने वाहून खाली आली असेल काय, हे पाहायला नको का? माझा कल तिकडे आहे; मात्र एका विहिरीवरून तालुक्याचा निर्णय मी देणार नाही.

तेव्हा मातीच्या रंगावरून किंवा खालच्या दगडावरून संत्र्याला नकार देण्याऐवजी, खड्डा घेऊन थराथरातील चुना तपासावा आणि खडक किती फुटांवर लागतो हे मोजावे, अशी दुरुस्ती आपल्या पुरवणीत छापावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक
ता. कोरपना, जि. चंद्रपूर