दोन तुरुमती शिवून देणाऱ्या मामांना

आदरणीय मामा,
सादर नमस्कार.

तुमचं नाव इथं लिहिलेलं तुम्हाला आवडायचं नाही, म्हणून लिहीत नाही. आभार मात्र चारचौघांतच मानायचे आहेत.

आमच्या कॉलेजच्या मुलींच्या कबड्डी संघाचं चिन्ह तुरुमती. गरुड कुणीही घेतं. हा छोटा ससाणा आपल्या सोलापुरी माळरानाचा: जेमतेम कबुतराएवढा, विटकरी डोक्याचा आणि वाऱ्यासारखा वेगवान. सामन्यांत अंगावर घालायला त्याचा पोशाख शिवून घ्यायचा म्हणून फोटो घेऊन आम्ही तुमच्याकडं आलो, तेव्हा तुम्ही अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून, दिवसभर टॉवेलचे काठ शिवून नुकतेच घरी परतला होता. तरी चष्मा लावून आधी पाखरू नीट बघितलंत आणि विचारलंत, "हे शिकार एकटं करतंय का?"

नाही, बऱ्याचदा नर-मादी मिळून करतात, असं आम्ही सांगितलं. एक भक्ष्याला हुसकावतो, दुसरा झडप घालतो.

"मग एकच शिवून कसं चालंल?" म्हणालात, आणि दुसऱ्या पोशाखाचे पैसे शेवटपर्यंत घेतले नाहीत.

मामा, ते पंख मी किती वेळ बघत बसले होते! टर्किश टॉवेलच्या कातरणीतून एकेक पीस वेगळं कापलेलं, वरच्या थरानं खालचा अर्धा झाकलेला, शेपटीच्या टोकाला काळा पट्टा. डोळ्याभोवतीचं पिवळं कडं नीट बसलं नाही म्हणून तुम्ही उसवून पुन्हा लावलंत. "पाखरू झोपल्यागत दिसालंय" म्हणाला होता.

पोशाख आमच्या राखीव मुली घालतात. पूर्वी त्या बाकावर गप्प बसायच्या. आता मैदानात आमच्या तिघीच उरल्या, सुपर टॅकलची (तिघी किंवा त्याहून कमी जणींनी चढाई करणारीला, म्हणजे रेडरला, पकडून जादा गुण मिळवायची) संधी आली, की दोन्ही तुरुमती रेषेबाहेरून "जोडी! जोडी!" ओरडतात. कॉर्नरनं, म्हणजे कडेच्या खेळाडूनं, घोटा धरला की कव्हरनं, म्हणजे तिच्या आतल्या बाजूच्या खेळाडूनं, त्याच क्षणी यायला हवं, नाहीतर रेडर सुटते. सर हे वर्षभर सांगत होते. ते आमच्या अंगात भिनलं ते त्या आरोळीनं, असं मला मनापासून वाटतं.

पुढच्या सामन्याला मामींना घेऊन नक्की या. मादीच्या डाव्या पंखाची शिवण थोडी उसवलीय, रविवारी सकाळी पोशाख घेऊन येते.

तुमची,
संघाची कॅप्टन