खाली जुने पियर, वर नवा पूल

हाजीपूर, १२ जून २०२२

प्रिय शिरीष,

मंगळवारी पाटणा-हाजीपूर जोडणाऱ्या गांधी सेतूची पूर्वेकडची बाजूही सुरू झाली. पश्चिमेकडची जुलै २०२० मध्येच झाली होती. गंगेवरचा साडेपाच किलोमीटरचा, १९८२ सालचा काँक्रीटचा वरचा सगळा भाग आता उतरलाय. पियर म्हणजे खांब, आणि त्यांच्या पायाच्या नदीत उतरवलेल्या विहिरी जुन्याच, वर पोलादी ट्रस, म्हणजे त्रिकोणी जाळीचा सांगाडा. साइटवर पेढे वाटले. मला बोलायचं होतं ते तुझ्याशीच, कारण मांडवीचा पूल पडला तेव्हा तू पणजीत होतास.

माझा गुडघा तसाच, साखर ताब्यात.

जुन्या पुलाचं दुखणं तुला ठाऊक आहेच. दोन्हीकडच्या पियरवरून निघालेले काँक्रीटचे हात मधोमध हिंजवर, म्हणजे बिजागरीवर, भेटायचे. काँक्रीटला आतून आवळून धरणाऱ्या केबलांचा ताण ओसरत गेला तसे ते झुकले आणि गाळ्याच्या मध्यावर रस्ता खचला. ट्रक तिथे आदळायचा, हिंज आणखी खिळखिळी व्हायची. डागडुजी वर्षानुवर्षं चालली, पण काँक्रीटच्या पोटातली केबल दिसणार कुणाला? ५ जुलै १९८६ ला मांडवीचा पूल पडल्यावर हेच तू मला ओरडून सांगितलं होतंस. तरी पोलादाचं नाव काढलं की चिडायचास! ‘पोलादी पूल बांधणारा इंजिनिअर नव्हे, रंगाऱ्यांचा मुकादम,’ असं म्हणून मेसमध्ये माझ्या ताटातला बांगडा पळवला होतास. तो बांगडा अजून येणं आहे.

इथे पोलादच योग्य होतं, यावर मी ठाम आहे. काँक्रीटपेक्षा हलकं, म्हणून तर जुन्या विहिरी ठेवता आल्या. आणि गंज चढला तर डोळ्यांना दिसतो. पण पाहणारा हवा ना! खाली दियाऱ्याची, म्हणजे नदीच्या गाळाची, ओली जमीन, केळीच्या बागा, पावसाळ्यात चहूकडे पाणी, थंडीत दुपारपर्यंत धुकं. उन्हाळ्यात नदीची वाळू उडून ट्रसच्या सांध्यांत बसते आणि ओल धरते. रंग आधी सुटणार तो तिथेच. एक्स्पान्शन जॉइंटमधून, म्हणजे प्रसरणासाठी सोडलेल्या फटीतून, पाणी झिरपलं की खाली बेअरिंगवर, जिथे पुलाचं वजन पियरवर टेकतं. उद्‌घाटनाला सगळे येतात रे, पण दोन वर्षांनी शिडी लावून तो सांधा कोण पुसणार? टेंडर निघेपर्यंत गंज थांबत नाही. पुलावर कायमची टोळी हवी, सांध्यागणिक नोंद हवी. वरच्यांपुढे हे मांडलं तर म्हणाले, पूल नवा आहे, आत्तापासून कशाला? जुना नवा होता तेव्हाही कुणी असंच म्हणालं असेल. रात्री झोप लागत नाही मला.

सुनेचं बाळंतपण नीट पार पडलं ना? वहिनींना नमस्कार. निवृत्त झाल्यावर तू त्यांच्या स्वयंपाकघराचीही तपासणी करतोस, असं ऐकलं.

गोव्यातल्या झुआरी पुलाच्या पाहणीसाठी तू जो तक्ता आखला होतास, बेअरिंगचं पान वेगळं असलेला, त्याची प्रत पाठव. तुझ्या अक्षरातली असली तरी चालेल, लावीन मी. ट्रसच्या सांध्यांची पानं मी जोडतो, तू तपासून दे, अगदी निर्दयपणे. पावसाळा संपायच्या आत मला तो इथे पुन्हा मांडायचाय.

तुझा,
विनायक