घरी बसून मास्क शिवणाऱ्या हातांना

कोविडच्या साथीत घरोघरी शिलाई मशीनवर बसून मास्क शिवणाऱ्या आणि वाटणाऱ्या सगळ्यांना सप्रेम नमस्कार.

मास्कवर कुणी आपलं नाव घालत नाही, त्यामुळे तुम्ही कोण ते आम्हाला कधीच कळणार नाही. म्हणून हे पत्र असं उघडं लिहितो आहोत. संसर्ग रोखणं हे आमचं रोजचं काम. साध्या कापडी मास्कमध्ये कुठे काय बिघडतं ते आम्हाला माहीत आहे, आणि तुम्ही काय काय सांभाळलंत तेही त्यामुळेच नजरेत भरतं.

जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० ला कोविडला महामारी म्हटलं, पण दुकानांतले मास्क त्याच्या आधीच संपत आले होते. सर्जिकल मास्कच्या मधल्या थराचं कापड खास यंत्रांवरच निघतं. मागणी वाढली म्हणून ते आठवड्याभरात दुप्पट होत नाही. डॉक्टर-नर्सना मास्क पुरले पाहिजेत, तेव्हा इतरांनी ते घेऊ नयेत, आणि निरोगी माणसाला मास्कची गरजही नाही, असं त्या दिवसांत सांगितलं जात होतं. यातलं पहिलं खरं होतं, दुसरं घाईचं. काहींनी दोन्हीकडे कानाडोळा करून घरात खोकी भरली. कुणी मास्क लावलेला दिसला की हा आजारी असणार म्हणून लोक बाजूला सरकत, नाहीतर भित्रा म्हणून हसत. लक्षणं नसलेल्या माणसाकडूनही विषाणू पसरतो हे पक्कं होत गेलं, तसा सल्लाही बदलला: अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने ३ एप्रिलला कापडी मास्क वापरायला सांगितलं, जागतिक आरोग्य संघटनेने ५ जूनला. तुमच्यातल्या कितीतरी जणांचं कापड तोवर बेतूनही झालं होतं.

घरी शिवलेल्या मास्कमुळे रुग्णालयातला एकही मास्क कमी होत नव्हता. तो लावणाऱ्याला अपराधी वाटायचं कारण उरलं नाही. शिवाय कापडी मास्क मुख्यतः लावणाऱ्याच्या तोंडातून उडणारे थेंब अडवतो, म्हणजे समोरच्याला जपतो. तुम्ही मास्क देताना हे सांगितलंत, तेव्हा 'मला काही होत नाही' म्हणणाऱ्यालाही तो लावायला हरकत राहिली नाही. मास्कची थट्टा काही नवी नव्हती. १९१०-११ मध्ये चीनच्या ईशान्येकडच्या मांचुरियात फुप्फुसाच्या प्लेगची साथ आली, तेव्हा ती आवरायला गेलेल्या डॉ. वू लिएन-तेह यांनी जाळीदार कापड आणि कापसाचे मास्क लावायला सांगितले होते. तिथल्या हार्बिन शहरात आलेल्या डॉ. मेनी या फ्रेंच डॉक्टरांनी ते मानलं नाही. ते मास्कशिवाय रुग्णांजवळ गेले आणि काही दिवसांत त्याच प्लेगने दगावले.

आता तुमच्या कामाकडे वळतो, कारण आभार मानायचे ते नेमक्या गोष्टींचे.

तुम्ही कापड निवडलंत ते घट्ट विणीचं, सुती, दिव्यासमोर धरलं तर उजेड जेमतेमच गाळून येईल असं. टी-शर्टचं कापड मऊ असतं, पण ताणलं की त्याची भोकं उघडतात. कापायच्या आधी तुम्ही ते गरम पाण्यात धुवून वाळवलंत. हे वगळलं असतं तर पहिल्याच धुण्यात मास्क आटला असता आणि हनुवटीवरून वर सरकला असता. वापरणाऱ्याने मग तो नाकावरून खाली ओढला असता, आणि दोष त्याच्या सवयीला गेला असता.

चुण्यांबद्दल थोडं जास्त लिहायला हवं. साधारण २३ सेंटिमीटर लांब आणि १५ सेंटिमीटर रुंद तुकडा. त्याला सव्वा-सव्वा सेंटिमीटरच्या तीन चुण्या घातल्या की कडेची उंची साडेसात सेंटिमीटरवर येते, आणि मास्क चेहऱ्यावर उघडतो तेव्हा ओठांपुढे वाटीसारखी जागा राहते. बाहेरच्या बाजूने तिन्ही चुण्यांची तोंडं खाली हवीत, म्हणजे त्यांच्या खोबणीत धूळ आणि थेंब साठत नाहीत. एक जरी चुणी उलटी पडली तरी मास्क पिळवटतो. तीन थरांच्या मास्कमध्ये चुणीच्या जागी नऊ थर एकावर एक येतात, कोपऱ्यात इलॅस्टिकचं टोक वेगळंच. १४ नंबरची सुई तिथे अडते, टाके चुकवते, कधी मोडते. तुम्ही १६ नंबरची सुई लावलीत, कोपऱ्याशी आल्यावर पायडलवरून पाय काढलात आणि चाक हाताने फिरवत एकेक टाका घातलात. सुई मोडलीच, तर तिचा प्रत्येक तुकडा सापडेपर्यंत तो मास्क बाजूला ठेवलात. टाचण्याही शिवणीसाठी कडेला सोडलेल्या मायेतच लावल्यात, म्हणजे मधल्या कापडाला भोकं पडली नाहीत. एका मास्कमागे हे सगळं, आणि असे किती!

नाकावरची तार हा दुसरा कौतुकाचा भाग. ती नसली की गरम श्वास वरच्या फटीतून निसटतो आणि चष्म्यावर धुकं धरतं. मग चष्मेवाला वैतागून नाक उघडं टाकतो. दहा-बारा सेंटिमीटरची मऊ तार, तिची दोन्ही टोकं आत वळवलेली, म्हणजे धुताना कापड फाडून बाहेर येत नाहीत. तुमच्यातल्या काहींनी तारेचा नेफा एका बाजूने उघडा ठेवला होता, धुण्याआधी तार काढून घेता यावी म्हणून. गंजाचे डाग पडलेला मास्क लोक टाकून देतात, हे तुम्हाला कुणी शिकवलं नसणार.

बारीक इलॅस्टिक मिळेनासं झालं तेव्हा काम थांबलं नाही. चाळीस-पंचेचाळीस सेंटिमीटरच्या चार नाड्या लावल्यात. नाड्यांचा मास्क बांधायला वेळ लागतो, पण डोक्याच्या मापाप्रमाणे घट्ट बसतो, उकळत्या पाण्यात सैल होत नाही आणि दिवसभर लावला तरी कानामागे काचत नाही. आमच्या मते इलॅस्टिकपेक्षा तोच बरा.

आतलं अस्तर वेगळ्या रंगाचं लावायची कल्पना ज्या कुणाची असेल, त्यांना आमचा खास नमस्कार. दोन्ही बाजू सारख्या असल्या की मास्क काढून पुन्हा लावताना बाहेरची बाजू तोंडाशी येते. वेगळ्या रंगामुळे समजावून सांगायची वेळच येत नाही.

तुम्ही काय नाकारलंत त्याचेही आभार. व्हॅक्युम क्लीनरची पिशवी कापून आत घालायचा सल्ला तेव्हा फिरत होता, पण काही पिशव्यांमधले बारीक तंतू श्वासात जाऊ शकतात. रेनकोटच्या कापडातून हवाच जात नाही. श्वास मग कडांमधून वाट काढतो, आणि मास्क असून नसल्यासारखा. श्वास सोडायला झडप असलेला मास्क समोरच्याला जपत नाही. दोन वर्षांखालच्या बाळासाठी मास्क मागायला आलेल्या आईवडिलांना तुम्ही नाही म्हणालात, कारण गुदमरलं तरी बाळाला तो स्वतः काढता येत नाही. आणि आपला मास्क एन-९५ इतका चांगला आहे असं तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत. एन-९५ अतिबारीक कणांपैकी निदान ९५ टक्के अडवतो आणि चेहऱ्याला सगळीकडून चिकटून बसतो, कापडाला ते जमणं नाही. तुम्ही हे खरं सांगितल्यामुळेच लोकांनी हात धुणं आणि अंतर ठेवणं सोडलं नाही.

ओठांच्या हालचालीवरून बोलणं समजून घेणाऱ्यांसाठी काहींनी पारदर्शक खिडकीचे मास्क शिवले. त्या खिडकीवर वाफ धरते, म्हणून आतून साबणाच्या पाण्याचा पातळ हात फिरवा, हेही सोबत लिहून दिलंत. मास्कबरोबरच्या त्या चिठ्ठ्या तर आम्ही तशाच्या तशा उतरवून घ्याव्यात अशा होत्या. रोज धुवा, साबण आणि शक्यतो ६० अंशांचं गरम पाणी. पूर्ण वाळल्याशिवाय लावू नका. ओला झाला की बदला. काढताना नाडीला धरा, पुढच्या कापडाला नाही, आणि मग हात धुवा. चार ओळी, मोठ्या अक्षरात.

एक विनंती करून थांबतो. तुमचा कागदी साचा एव्हाना मऊ पडला असेल, चुण्यांच्या खुणा पुसल्या असतील. तो जाड पुठ्ठ्यावर उतरवून घ्या. त्यावर लहान-मोठी मापं, सुईचा नंबर, नाडीची लांबी आणि चुण्यांची दिशा दाखवणारा बाण काढा, आणि पुठ्ठा मशीनच्या खणात ठेवून द्या.

तुमचे ऋणी,
संसर्ग-नियंत्रणाचं काम करणारे आम्ही सगळे