बांधलेले गोबरगॅस मोजता, चालणारेही मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आर्थिक वर्ष संपत आले की गोबरगॅस संयंत्रांचे उद्दिष्ट पूर्ण झाल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांच्या जिल्हा पानांवर येऊ लागतात आणि त्या वाचून आमच्या भागातले काही तरुण मला फोन करतात. हा व्यवसाय सुरू करायला भांडवल किती लागेल, एका संयंत्रामागे किती पैसे सुटतील, अनुदान कधी जमा होते, असे त्यांचे प्रश्न असतात. कोल्हापूर जिल्ह्यातील आजरा तालुक्यात मी गेली अकरा वर्षे हेच काम करत आहे. त्या अनुभवावरून सांगतो, या व्यवसायाला गिऱ्हाईक कमी नाही आणि ज्ञानही फारसे अवघड नाही. अडचण एवढीच आहे की बांधलेली संयंत्रे मोजली जातात, चालणारी मोजली जात नाहीत. त्यामुळे यातले जे बारा महिन्यांचे काम आहे, म्हणजे देखभाल, त्याचे पैसे कोणी देत नाही.

नवीन मुलाने पहिली गोष्ट शिकावी ती शेण मोजण्याची. दोन घनमीटरच्या, म्हणजे दिवसाला तेवढा गॅस देणाऱ्या संयंत्राला रोज सुमारे ५० किलो ताजे शेण आणि तेवढेच पाणी लागते. एक किलो शेणापासून साधारण ४० लिटर गॅस मिळतो, हे गणित सगळ्या पुस्तकांत आहे, पण गोठ्यात उभे राहिल्यावर ते बदलते. बांधून घातलेल्या म्हशीचे दिवसाला पंधरा किलोपर्यंत शेण हाती लागते, तर चरायला जाणाऱ्या गाईचे अर्धे शेण माळावरच राहते. ‘चार जनावरे आहेत’ असे घरधनी सांगतो तेव्हा त्यात एक वासरू आणि एक विकायला काढलेला बैल असतो. म्हणून मी आधी तीन दिवस ताणकाट्याने शेण तोलून घेतो आणि मगच आकार ठरवतो. लोकांना मोठे संयंत्र हवे असते, पण मोठ्या टाकीत थोडे शेण पडले तर गॅस साठत नाही, शेगडी जेमतेम लुकलुकते, आणि सहा महिन्यांत घरातली बाई पुन्हा चुलीकडे वळते. उद्दिष्ट गाठायच्या घाईत दोन गाईंच्या घरी दोन घनमीटरचे संयंत्र बांधून दिलेले मी अनेक ठिकाणी पाहिले आहे. तिथे शेतकऱ्याचा दोष नसतो, पण ‘गोबरगॅस काही खरे नाही’ हा समज त्या वाडीत कायमचा होऊन बसतो.

दुसरी गोष्ट गवंडीकामाची. पूर्वी खादी ग्रामोद्योग आयोगाची लोखंडी तरंगत्या टाकीची संयंत्रे होती. आमच्याकडच्या पावसात ती टाकी दरवर्षी रंग मागते आणि रंग चुकला की गंजते. १९८४ मध्ये आलेल्या दीनबंधू पद्धतीत लोखंडी टाकी नाही, गॅस साठवायला सगळा भरवसा विटांच्या घुमटावर आहे. हा घुमट उभारताना खाली फळ्यांचा आधार नसतो. मधोमध खुंटी रोवून त्रिज्येइतक्या दोरीने प्रत्येक वीट मोजून बसवायची आणि थर पूर्ण होईपर्यंत ती आकड्याने धरून ठेवायची, असे हे काम आहे. आतला गिलावा दोन-तीन हातांत देऊन वर निव्वळ सिमेंटची घोटाई करावी लागते, कारण पाणी अडवणारा गिलावा गॅस अडवेलच असे नाही. असा घुमट बांधणारे गवंडी आमच्या तालुक्यात आता बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. त्यांच्या हाताखाली शिकायला मुले येत नाहीत, कारण स्लॅबच्या कामावर हजेरी जास्त मिळते आणि ती दर आठवड्याला हातात पडते.

माझ्या तिसऱ्याच संयंत्रात मी बांधकामाचे बरेच नियम मोडले होते. गवंड्याला दुसऱ्या कामावर जायचे होते म्हणून घुमटाला पुरेसे दिवस पाणी मारले नाही, भराव एकाच बाजूने आधी टाकला आणि गळतीची चाचणी न घेता दोन टनांहून अधिक शेण भरून दिले. पंधरा दिवस झाले, तीन आठवडे झाले, तरी ज्योत पेटेना. घुमटाला केसाएवढी चीर गेली होती. ते सगळे शेण आम्ही बादल्यांनी उपसून बाहेर काढले, खड्डा कित्येक दिवस उघडा ठेवला आणि गिलावा माझ्या खर्चाने पुन्हा केला. तेव्हापासून पारदर्शक नळी यू आकारात वाकवून, तिच्यात कुंकू कालवलेले पाणी भरून ती गॅसच्या पाइपाला जोडायची आणि दाब देऊन एक अख्खा दिवस पाहायचा, हे झाल्याशिवाय मी एक पाटी शेणही आत पडू देत नाही. लाल पाणी जागेवर राहिले तर घुमट पक्का.

खड्डा उघडा ठेवण्याचा उल्लेख वर केला आहे, त्याविषयी नवीन मुलांना हात जोडून सांगणे आहे. वापरात असलेल्या किंवा बंद पडलेल्या टाकीत कोणीही, कितीही घाई असली तरी, उतरू नये. आत मिथेन असतो, प्राणवायू नसतो, आणि हायड्रोजन सल्फाइडचा वास काही क्षणांत नाकाला कळेनासा होतो. एकाला वाचवायला दुसरा उतरतो आणि दोघेही जातात. पहिल्यांदा निघणारा गॅस टाकीच्या तोंडाशी काडी लावून तपासणे हाही तसाच जिवावरचा खेळ आहे. तपासणी शेगडीवरच करावी.

आता देखभालीविषयी, कारण हे पत्र त्यासाठीच लिहितो आहे. गेल्या वर्षी शेजारच्या गावात एका घरी वेगळ्या कामासाठी गेलो होतो. परसात दुसऱ्या कोणी बांधलेले संयंत्र होते, घुमटावर शेणी वाळत घातल्या होत्या आणि गॅस दोन वर्षांपासून बंद होता. घरच्या आजी म्हणाल्या, ‘पयल्या वर्साला झ्याक जळायचा, मग फडफडाय लागला, आन् मग इझूनच गेला.’ फडफडतो म्हणजे नळीत पाणी. गॅसबरोबर वाफ येते, ती पाइपात गार होऊन पाणी होते आणि पाइप जिथे खाली झुकलेला असतो तिथे साठून वाट अडवते. त्या पाइपाला सर्वांत खालच्या जागी पाणी सोडण्याचा कॉक बसवलेलाच नव्हता. मी सांधा सोडवला तेव्हा जेमतेम तांब्याभर काळपट पाणी निघाले. शेण-पाणी कालवायच्या कुंडातला गाळ काढून शेणकाला पुन्हा सुरू करायला लावला, आणि अठराव्या दिवशी त्या घरी निळ्या ज्योतीवर चहा झाला. दोन वर्षे त्या बाईने धुरात स्वयंपाक केला तो तांब्याभर पाण्यापायी.

बंद संयंत्रांपैकी बरीचशी अशाच कारणांनी बंद असतात. कुठे नळी उंदराने कुरतडलेली असते, कुठे गवताच्या काड्यांची साय वर धरलेली असते, तर कुठे सिलिंडरची शेगडी बारीक भोकाच्या जेटसकट तशीच जोडलेली असते. थंडीत गॅस निम्म्यावर आला की संयंत्र बिघडले असे समजून लोक शेण घालणे सोडून देतात. अशा वेळी कालवायचे पाणी उन्हात ठेवलेल्या पिंपातले घ्या, एवढे सांगणारा माणूस हवा असतो.

केंद्राच्या राष्ट्रीय जैवऊर्जा कार्यक्रमात, २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे, दोन ते चार घनमीटरच्या संयंत्राला सर्वसाधारण गटात १४,३५० रुपये आणि शौचालय जोडल्यास आणखी १,६०० रुपये अनुदान ठरवले होते. बांधणाऱ्याला वेगळे शुल्क आहे, आणि त्याबदल्यात त्याने पाच वर्षे संयंत्र चालू ठेवण्याची हमी द्यायची आहे. ही कल्पना उत्तम आहे. प्रत्यक्षात मात्र मोबदला कामाच्या सुरुवातीच्या टप्प्याशी बांधलेला राहतो आणि तिसऱ्या वर्षी ज्योत आहे की नाही हे पाहायला कोणी येत नाही. प्रामाणिक माणूस पदरचे पेट्रोल घालून फिरतो आणि दुसरा फोन उचलत नाही, तरी दोघांच्या हिशेबात एका पैचाही फरक पडत नाही.

माझी जिल्हा परिषदेच्या कृषी विभागाला विनंती आहे की बांधणाऱ्याचे हे शुल्क पाच वर्षांत विभागून द्यावे आणि प्रत्येक हप्त्याआधी ग्रामसेवकाने घरातल्या बाईसमोर शेगडी पेटवून पाहावी. दुसरे असे की प्रत्येक ग्रामपंचायतीने बंद संयंत्रांची यादी करावी आणि दुरुस्तीचे काम गावातल्याच प्रशिक्षित मुलांना ठरावीक दराने द्यावे. वीस-पंचवीस गावांत मिळून एका मुलाला वर्षभर पुरेल इतके काम यातून सहज निघेल, आणि त्याच हाताला नवीन संयंत्रेही मिळतील. नवे घुमट बांधण्यापेक्षा जुने चालू करणे कितीतरी स्वस्त पडते. गवंड्यांसाठीही चार भिंतींतले व्याख्यान नको. जाणत्या गवंड्याच्या हाताखाली दोन घुमट पुरे करेपर्यंत शिकणाऱ्याला हजेरी मिळावी.

शौचालय जोडण्याच्या बाबतीत लोकांची नाखुशी अजून मोठी आहे. पण मैल्यापासून गॅस ही आपल्याकडे नवलाई नाही. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठधामात १८९७ मध्येच तो वापरला गेला होता, आणि देहूला सरकारी दवाखान्यात आलेल्या डॉ. मापुसकरांनी शौचालयाला जोडलेली संयंत्रे गावात रुजवून दाखवली. त्यांना २०१७ मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली. मी स्वतः अशी संयंत्रे बांधली आहेत, ती उत्तम चालतात आणि स्वयंपाकघरात कसलाही वास येत नाही.

आमच्याकडे पावसाळ्यात खड्ड्याला पाणी लागते, त्यामुळे खोदाई दिवाळीनंतरच सुरू होते आणि तेव्हापासून मेपर्यंत गवंड्यांना सवड नसते. दुरुस्ती मात्र पावसातही करता येते. बंद संयंत्रांची यादी यंदा दसऱ्यापर्यंत तयार झाली, तर थंडीच्या आत बरीच घरे पुन्हा गॅसवर येतील. आमच्या तालुक्यातल्या यादीचे काम मी बिनामोबदला करून द्यायला तयार आहे.

आपला नम्र,
एक गोबरगॅस व्यावसायिक,
ता. आजरा, जि. कोल्हापूर