पुतळा मलिक अंबरचा हवा

महोदय,
छत्रपती संभाजीनगरच्या मध्यवस्तीत ऐतिहासिक पुतळा आणि प्रशस्त चौक उभारण्याच्या चर्चेचे वृत्त वाचले. माझ्या मते हा मान निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याचा. १६१० मध्ये खडकी वसवून त्यानेच या शहराचा पाया घातला आणि जमिनीखालच्या खापराच्या नळांतून डोंगराकडचे पाणी वस्तीत खेळवले. त्याने बांधलेल्या भडकल दरवाजाकडे आपण मान वर करून पाहतो का, हा भाग वेगळा! फक्त पुतळा वाहतूक बेटावर नको. तिथे शिडी लावून हार तेवढा घालता येतो. कडुलिंबाची दोन झाडे, बसायला कट्टा आणि पाणपोई मात्र हवीच. अंबरच्या पायाशी नळ कोरडा राहिला तर शोभायचे नाही.

– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर